अहिराणी घरातले मूल आणि मराठीतला ‘ळ’: प्रकल्प नोंदी

१८ जून

या प्रकल्पाचा प्रश्न एका वर्णापुरता आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील ज्या जिल्हा परिषद शाळेत काम करायचे ठरले आहे, तेथे पहिलीत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, आणि मराठीत जेथे ‘ळ’ असतो तेथे अहिराणीत सहसा ‘य’ येतो. डोळ्याला डोया, शाळेला शाया, सकाळला सकाय, पुरणपोळीतल्या पोळीला पोयी. वाचनाच्या तासाला मूल ‘शाळा’ या शब्दावर बोट ठेवून ‘शाया’ म्हणते, बाई दुरुस्त करतात, मूल पुन्हा ‘शाया’ म्हणते, आणि वहीत ‘उच्चार अशुद्ध’ एवढीच नोंद होते. ‘ळ’चा ‘य’ मुलाच्या मनात नेमका कोणत्या टप्प्यावर झाला, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

टप्पे निदान तीन असू शकतात. एक, कानाच्या पातळीवरच मुलाला हे दोन ध्वनी वेगळे जाणवत नसतील. दोन, ध्वनी वेगळे जाणवत असतील, पण मनातल्या शब्दसंग्रहात त्या वस्तूसाठी आधीपासून ‘शाया’ हेच रूप नोंदलेले असल्यामुळे ऐकलेला किंवा वाचलेला नवा शब्द त्याच नोंदीला जाऊन मिळत असेल. तीन, ऐकण्यात आणि शब्दसंग्रहात सर्व काही ठीक असेल, पण जिभेला ‘ळ’ची सवय नसेल. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही ठिकाणी ‘शाया’ हाच एक परिणाम दिसतो. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत: पहिल्यात कानाला सराव द्यावा लागेल, दुसऱ्यात दोन भाषांमधील शब्दांचे नाते उघड करून दाखवावे लागेल आणि तिसऱ्यात उच्चाराचा सराव पुरेल. आज वर्गात सरसकट तिसराच उपाय होतो.

अहिराणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद येथे सोडवण्याची गरज नाही. ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा सर्वेक्षणात खानदेशीची (अहिराणी तिच्यातच मोडते) नोंद भिल्ल भाषांच्या खंडात आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक भरते. या प्रकल्पाला एवढेच पुरे आहे की, सहा वर्षांच्या मुलाला दोन ध्वनिव्यवस्थांचा सांभाळ करावा लागतो आणि त्यांपैकी एकच त्याच्या घरची आहे.

३० जून

पूर्वीच्या संशोधनाचे वाचन चालू आहे. या विषयातील पायाभूत प्रयोग आपल्याकडच्याच वर्णांवर झालेला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातील इंग्रजी घरांमधील तान्ह्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले होते. बाळ आईच्या मांडीवर बसलेले असे, ध्वनिक्षेपकातून एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येत राही, आणि तो बदलला की थोड्याच वेळात बाजूच्या पेटीतले खेळणे उजळून हलू लागे. ध्वनी बदलला की गंमत दिसते हे बाळाच्या लक्षात आले, की ते खेळणे हलायच्या आधीच तिकडे मान वळवते. अर्थात ध्वनीतला बदल त्याला जाणवला असेल तरच. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी हा भेद ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये तो ओळखणारी फारच थोडी उरली. त्याच वयाच्या हिंदी घरांतल्या बाळांना मात्र तो अगदी सहज ओळखता येत होता.

या निष्कर्षाचा सांगोवांगी अर्थ असा लावला जातो की, वर्षाच्या आत कान बंद होतात. मूळ संशोधकांनीच पुढे हा अर्थ सौम्य केला. वर्कर आणि लोगन यांच्या १९८५च्या अभ्यासात प्रौढ इंग्रजी भाषकांना दोन ध्वनींमधले वेळेचे अंतर कमीजास्त करून तेच भेद ऐकवले, तेव्हा अंतर कमी असताना त्यांनाही ते ओळखता आले. अंतर दीड सेकंदापर्यंत वाढवले की अडचण वाढली. म्हणजे कच्चा ध्वनी क्षणभर मनात राहतो आणि तेवढ्या वेळात तुलना होऊ शकते. तो ओसरला की मागे उरतो तो त्या ध्वनीला भाषेने दिलेला गट, आणि दोन्ही ध्वनी एकाच गटात पडले असतील तर तुलनेला काही उरतच नाही. कॅथरीन बेस्ट यांनी १९८८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेतले चटकारे (जीभ चटकन वाजवून काढलेली व्यंजने) इंग्रजी भाषकांना ऐकवले. ते त्यांना उत्तम ओळखता आले, कारण इंग्रजीतल्या कोणत्याच गटात ते बसत नव्हते. परका ध्वनी अवघड जातो तो आपल्या एखाद्या ध्वनीच्या जवळ आला तरच.

‘ळ’ आणि ‘य’ यांना हे लावून पाहिले तर एक विचित्र परिस्थिती दिसते. हे दोन ध्वनी एकमेकांच्या जवळचे नाहीतच. ‘ळ’साठी जिभेचे टोक मागे वळून टाळूकडे जाते आणि हवा जिभेच्या कडांवरून निसटते, ‘य’साठी जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि हवा मधूनच जाते. कानाला ते वेगळेच लागायला हवेत. तरीही अहिराणी बोलणाऱ्याच्या मनात ते शब्दाशब्दाला जोडलेले आहेत, कारण शेजारच्या भाषेत त्याच जागी दुसरा ध्वनी आहे. ध्वनींच्या जवळिकीतून होणारा गोंधळ आणि शब्दांच्या नात्यातून होणारा गोंधळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचलेल्या अभ्यासांपैकी बहुतेक पहिल्या प्रकारावर आहेत; आमचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा असावा, असे मला आजच वाटू लागले आहे.

१० जुलै

शब्दयादीचे काम. प्रत्येक शब्द गावातल्या वयस्क व्यक्तींकडून बोलून घेतल्याशिवाय यादीत घ्यायचा नाही, असा नियम केला आहे. पुस्तकात दिलेले रूप आणि या पंचक्रोशीतले रूप एकच असेल याची खात्री नसते.

‘डाळ’ हा शब्द वगळला, कारण येथे तो ‘दाय’ होतो, म्हणजे पहिला वर्णही बदलतो, आणि मग मुलाचे उत्तर ‘ळ’मुळे आले की ‘ड’मुळे, हे सांगता येणार नाही. ‘नळ’ आणि ‘फळा’ हे शब्द मुले घरापेक्षा शाळेत जास्त ऐकतात, म्हणून ते वेगळ्या गटात ठेवले.

खरी मोलाची जोडी आहे ‘माळ’ आणि ‘माय’. मराठीत हे दोन शब्द वेगळे. अहिराणीत झेंडूची माळ हीसुद्धा ‘फुलेस्नी माय’ आणि आईसुद्धा ‘माय’. दोन चित्रे समोर ठेवायची, एक शब्द ऐकवायचा आणि चित्रावर बोट ठेवायला सांगायचे, ही मूळ योजना होती. पण गुणदान दोन्ही बाजूंनी सारखे करता येणार नाही. ‘माळ’ ऐकून मुलाने आईच्या चित्रावर बोट ठेवले, तर त्याने ‘ळ’ला ‘य’ मानले असे म्हणता येईल. उलट ‘माय’ ऐकून त्याने माळेवर बोट ठेवले, तर ते चूक नाही; त्याच्या घरच्या भाषेत ते शंभर टक्के बरोबर उत्तर आहे. मराठीच्या चष्म्यातून केलेल्या चाचण्यांमध्ये अशी बरोबर उत्तरे चुकीच्या रकान्यात जातात, आणि त्यावरून मुलाच्या आकलनाविषयी निष्कर्ष काढले जातात. हे टाळण्यासाठी दोन्ही दिशांचे गुण वेगळे नोंदवायचे ठरवले आहे.

आणखी एक अडचण म्हणजे ‘माय’ हा शब्द मुलाच्या कानावर ‘माळ’पेक्षा कितीतरी जास्त वेळा पडतो. शंका आली की मन वापरातल्या शब्दाकडे झुकते. म्हणून खऱ्या शब्दांच्या बरोबरीने अर्थहीन शब्दांची जोडीही लागेल: ‘बेळा’ आणि ‘बेया’, ‘फोळ’ आणि ‘फोय’. ज्या शब्दाची मनात नोंदच नाही, तो कुठल्या नोंदीला जाऊन मिळणार नाही. तेथे ‘ळ’ आणि ‘य’ ओळखता आले आणि खऱ्या शब्दांत आले नाहीत, तर कान निर्दोष ठरतो.

२३ जुलै

ध्वनिमुद्रण. वर्गाचे छप्पर पत्र्याचे आहे आणि दोन दिवस पाऊस थांबलेला नाही, त्यामुळे मुद्रण एका शिक्षिकेच्या घरी, कापसाच्या गोधड्या दोऱ्यांवर टाकून केलेल्या कोपऱ्यात केले. आवाज एका अशा बाईंचा घेतला ज्या घरात अहिराणी आणि शाळेत मराठी तितक्याच सहजतेने बोलतात. दोन भाषांसाठी दोन माणसांचे आवाज घेतले असते तर मुलांनी ध्वनीऐवजी माणूस ओळखला असता.

मुद्रित शब्द ‘प्रात’ या, आवाजाचे चित्र काढून दाखवणाऱ्या मोफत संगणक प्रणालीत उघडून पाहिले. ‘बेया’मध्ये स्वरापासून ‘य’कडे जाताना आवाजातील अनुनादाची दुसरी पट्टी वरच राहते, ‘बेळा’मध्ये ती खाली येते आणि तिसरी पट्टीही खाली ओढली जाते. चित्रातला फरक नवख्या डोळ्यालाही दिसावा इतका ठळक आहे. दोन शब्दांमधले अंतर दोन प्रकारचे ठेवले: एक अर्ध्या सेकंदाचे आणि दुसरे दीड सेकंदाचे. वर्कर आणि लोगन यांच्या निष्कर्षाची पडताळणी करायची असेल तर हे आवश्यक आहे.

६ ऑगस्ट

खानदेशातल्या कानबाईच्या सणाचे विसर्जन होऊन गेले तरी पाहुणे परतलेले नाहीत, हजेरी कमी. काम पुढे ढकलले. पालकांचे संमतिपत्र मराठीत होते. ते बदलून अहिराणीत वाचून दाखवण्याची पद्धत सुरू केली. आता पालक प्रश्न विचारतात, आणि तेच हवे होते.

१४ ऑगस्ट

पहिल्या पूर्वचाचणीत मुलांना दोन शब्द ऐकवून ‘सारखे की वेगळे’ एवढेच विचारले. सहा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न जड जातो हे माहीत होते. पण येथे जे दिसले ते नुसते वयाचे नाही. ‘बेळा–बेया’ या अर्थहीन जोडीला बरीच मुले ‘येगळं’ म्हणत होती आणि लगेच पुढच्या ‘डोळा–डोया’ला ‘सारखंच शे’ म्हणत होती. एका मुलीला मी विचारले, सारखे कसे? तिने दोन्ही वेळा स्वतःच्या डोळ्याला बोट लावून दाखवले. तिचे उत्तर पूर्णपणे योग्य आहे. ‘सारखे’ म्हणजे ध्वनीने सारखे की अर्थाने सारखे, हे आम्ही सांगितलेच नव्हते, आणि भाषेचा उपयोग अर्थासाठी करणारे मन साहजिकच अर्थाची तुलना करते.

म्हणून प्रश्नातून ‘सारखे’ हा शब्दच काढायचा. संगणकाच्या पडद्यावर दोन पोपट असतील. मधली बाई एक शब्द म्हणेल, एक पोपट ‘डोळा’ म्हणेल, दुसरा ‘डोया’, आणि बाईंची हुबेहूब नक्कल कोणत्या पोपटाने केली एवढेच मुलाने दाखवायचे. नक्कल म्हटले की अर्थ मागे पडतो आणि आवाज पुढे येतो. मुलांना नकला काढायला आवडतात, त्यामुळे समजावून सांगण्यात वेळ जात नाही.

३० ऑगस्ट

पोपटांची चाचणी व्यवस्थित चालते आहे. आकडे मांडण्याची वेळ अजून आलेली नाही, पण वर्गात बसून पाहताना एवढे दिसते की अर्थहीन शब्दांच्या जोड्यांमध्ये मुले अडखळत नाहीत, अंतर दीड सेकंदाचे असले तरीही. पहिली शक्यता, म्हणजे कानालाच भेद कळत नाही ही, कमजोर होत चालली आहे.

आज चाचणीबाहेर घडलेली एक गोष्ट सविस्तर लिहून ठेवण्यासारखी आहे. चित्रे आवरताना पहिलीतल्या एका मुलाने स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवून ‘डोया’ म्हटले. मी मराठीत विचारले, ‘हा तुझा डोया आहे का?’

त्याने जोरात मान हलवली. ‘नाही.’

‘मग काय आहे?’

‘डोया.’

‘डोळा?’

‘हा, डोया!’

१९६० साली जीन बेर्को आणि रॉजर ब्राउन यांनी नोंदवलेला प्रसंग जवळजवळ असाच आहे. इंग्रजी बोलणारा एक लहान मुलगा आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणत असे. मोठ्या माणसाने ‘फिस’ म्हटले की तो नाकारी, आणि ‘फिश’ म्हटले की ‘हो, माझा फिस’ म्हणून मान्य करी. त्याच्या मनातले रूप त्याच्या जिभेवरच्या रूपापेक्षा वेगळे होते. या पुराव्यावर आमच्याही मुलाबाबत तिसरी शक्यता, म्हणजे फक्त जिभेची अडचण, खरी मानावी असे क्षणभर वाटते.

पण पाच मिनिटांत वेगळे घडले. फाटकाशी त्याची आजी उभी होती. मुलगा डोळा चोळत गेला तेव्हा तिने विचारले, ‘काय व्हयनं तुन्हा डोयाले?’ त्याने ते सहज ऐकून घेतले आणि काहीतरी उत्तर देऊन तिचा हात धरला. आजीच्या तोंडचा ‘डोया’ त्याला खटकला नाही. माझ्या तोंडचा खटकला. तो ध्वनीबरोबरच बोलणाऱ्याची भाषाही तपासत होता, आणि मराठी बोलणाऱ्या बाईने ‘डोळा’च म्हणायला हवे अशी त्याची अपेक्षा होती, जरी तो स्वतः ‘डोया’ म्हणत असला तरी. इंग्रजी मुलाच्या प्रसंगात एकच भाषा होती. येथे दोन आहेत, आणि सहाव्या वर्षी त्यांची हद्द मुलाच्या मनात आखलेली आहे.

द्विभाषिक माणसाच्या दोन्ही भाषा समोरच्या व्यक्तीनुसार कमीअधिक जाग्या असतात, असे फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी मांडले आहे. त्यामुळे मुलाशी पहिले वाक्य कोणत्या भाषेत बोलायचे ही किरकोळ बाब राहत नाही. यापुढे अर्ध्या मुलांची बैठक ‘तुन्हं नाव काय शे?’ने सुरू होईल आणि अर्ध्यांची ‘तुझं नाव काय?’ने, आणि पुढच्या सगळ्या सूचना त्याच भाषेत दिल्या जातील.

१२ सप्टेंबर

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे काम बार्सिलोनात झालेले आहे. तेथल्या कॅटलान भाषेत ‘ए’च्या जातीचे दोन वेगळे स्वर आहेत आणि स्पॅनिशमध्ये एकच. पालिए, बॉश आणि सेबास्तियान-गायेस यांच्या १९९७च्या अभ्यासात दोन्ही भाषा लहानपणापासून उत्तम बोलणारे तरुण होते. तरीही ज्यांच्या घरी स्पॅनिश होती त्यांना कॅटलानचे हे दोन स्वर ओळखणे जड गेले. २००१च्या पुढच्या अभ्यासात पद्धत अधिक बारीक होती. एखादा शब्द एकदा ऐकला की दुसऱ्यांदा तो लवकर ओळखता येतो, हे सर्वांच्याच बाबतीत घडते. स्पॅनिश घरांतल्या लोकांना कॅटलानमधला एक शब्द ऐकवल्यावर, त्याच्याशी फक्त त्या स्वराने भिन्न असलेला दुसरा शब्दही लवकर ओळखता आला, जणू तोच शब्द पुन्हा आला होता. कॅटलान घरांतल्या लोकांत तसे झाले नाही.

‘माळ’ ऐकल्यावर ‘माय’ लवकर ओळखला जातो का, हा प्रश्न याच साच्यात बसतो. पहिलीच्या मुलांना ‘हा शब्द आहे की नाही’ असे विचारून प्रतिसादाचा वेळ मोजणे शक्य नाही. आठवीच्या मुलांना ते जमेल आणि तोवर त्यांच्या मराठी शिक्षणाची सात वर्षे झालेली असतील. म्हणून याच केंद्रातील माध्यमिक शाळेत हा भाग करायचा. मात्र एक भेद विसरता कामा नये. कॅटलानचे ते दोन स्वर कानाला खरोखरच जवळचे आहेत. ‘ळ’ आणि ‘य’ तसे नाहीत. बार्सिलोनाचा निकाल येथेही आला, तर त्याचे कारण कानात शोधून भागणार नाही.

मार्गदर्शकांनी मेंदूच्या विद्युत प्रतिसादांचा मुद्दा काढला. नॅटनेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले होते की, एस्टोनियनमध्ये असलेला पण फिनिशमध्ये नसलेला एक स्वर ऐकवला असता फिनिश भाषकांच्या मेंदूचा प्रतिसाद क्षीण असतो, आणि तो मोजताना माणसाने लक्ष द्यावेच लागत नाही. त्यामुळे ‘सारखे’चा अर्थ काय, हा १४ ऑगस्टचा प्रश्नच उद्भवत नाही. साधने मोठ्या शहरांतल्या संस्थांमध्ये आहेत. मुलांना तेथे नेणे मला योग्य वाटत नाही. अनोळखी ठिकाणी, डोक्याला तारा लावून बसलेल्या साक्रीच्या मुलाच्या मनात तेव्हा कोणती भाषा जागी असेल हे सांगता येणार नाही.

२६ सप्टेंबर

या प्रकल्पात आतापर्यंत मिळालेली सर्वांत महत्त्वाची सामग्री चाचणीतून आलेली नाही. दुसरीच्या वर्गात मागे बसले असताना एक मुलगी बाईंकडे गेली आणि म्हणाली, ‘बाई, माझा पाळ दुखतो.’ बाईंना कळेना. तिने पाय पुढे करून घोट्याजवळची सूज दाखवली. जागेवर परत येऊन मैत्रिणीला तिने तेच सांगितले: ‘मन्हा पाय दुखस.’

या एका वाक्याने तिन्ही शक्यता एका ठिकाणी तपासल्या जातात. जिभेला ‘ळ’ जमत नसता तर ‘पाळ’ बाहेरच पडला नसता. कानाला ‘ळ’ कळत नसता तर तो वापरण्याचे तिला सुचले नसते. आणि ती मराठी नुसती ऐकून उचलत असती तर ‘पाळ’ हे रूप तिला मिळाले कुठून? ‘पाय’ या अर्थाने ‘पाळ’ तिच्यासमोर कोणी म्हटलेले नाही. तिने तो शब्द घडवला. घरच्या शब्दातला ‘य’ बाईंशी बोलताना ‘ळ’ होतो, हा नियम तिने स्वतः शोधून काढला आणि जेथे तो लागू नाही तेथेही लावला. १९५८ साली जीन बेर्को यांनी मुलांना कधीच न ऐकलेले कृत्रिम शब्द दिले आणि मुलांनी त्यांतल्या बऱ्याच शब्दांची अनेकवचने बरोबर केली, तेव्हा जे सिद्ध झाले ते हेच: मूल रूपे साठवत बसत नाही, नियम काढते. इंग्रजी मुले अनियमित क्रियापदांची भूतकाळी रूपे आधी बरोबर वापरतात, मग नियम हाती आला की ती ‘बिघडवतात’ आणि कालांतराने पुन्हा सुधारतात. मधला टप्पा ही पीछेहाट नसते.

येथे एक गोष्ट मी आधी पुरेशी लक्षात घेतली नव्हती, ती आता मांडते. मराठीतून अहिराणीकडे जाणारी वाट सरळ आहे: ‘ळ’ दिसला की ‘य’. उलट वाट तशी नाही. अहिराणीतला ‘य’ मराठीत कधी ‘ळ’ होतो, कधी ‘य’च राहतो, आणि नुसत्या अहिराणी रूपावरून ते ठरवता येत नाही. डोयाचा डोळा होतो, पण पायचा पाय राहतो. शायाची शाळा होते, पण गायची गाय राहते. आणि ‘माय’चे अर्थ पाहूनच ठरवावे लागते. मराठी बोलण्यासाठी मुलाला नियमाबरोबरच शब्दांची लांबलचक यादी पाठ करावी लागते, आणि ती त्याला आजवर कोणी दिलेली नाही. एकेका दुरुस्तीतून ती त्याने जमवायची असते. मराठी घरातल्या मुलावर हे ओझे नसते. दोघांची प्रगती एकाच मापाने मोजणे मला यापुढे मान्य करता येणार नाही.

दुपारी बाईंच्या परवानगीने दुसरी ते चौथीच्या वह्या पाहिल्या. ‘डोया’, ‘काया’, ‘फया’ अपेक्षेप्रमाणे होतेच. त्यांच्यामध्ये ‘गाळ दूध देते’ हे वाक्य होते, आणि एका वहीत ‘सोय’च्या जागी ‘सोळ’. लाल शाईने दोन्ही प्रकारच्या शब्दांवर एकसारखी फुली आहे. माझ्या मते हे दोन प्रकार शिकण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आहेत, आणि ‘गाळ दूध देते’ लिहिणारे मूल ‘डोया’ लिहिणाऱ्याच्या पुढे गेलेले आहे.

यावरून दोन कामे निघाली. पहिले, वह्यांतल्या चुका दिशेनुसार वेगळ्या मोजायच्या, आणि श्रुतलेखनातल्या चुका स्वतःच्या मनाने लिहिलेल्या मजकुरातल्या चुकांपासून निराळ्या ठेवायच्या. श्रुतलेखनात बाईंनी ‘डोळा’ म्हटलेले असते. तरी मुलाने ‘डोया’ लिहिला तर ऐकलेला ध्वनी शब्दसंग्रहाने बदलला. त्याच श्रुतलेखनात ‘बेळा’ हा अर्थहीन शब्दही घालायचा. ‘बेळा’ बरोबर आणि ‘डोळा’ चूक, असे एकाच मुलाच्या वहीत दिसले तर पुरावा पक्का होईल. दुसरे, दोन बाहुल्यांचा खेळ: गावातली बाहुली ‘बोया’ म्हणते, शाळेतल्या बाई-बाहुलीने काय म्हणावे? ‘बोळा’ म्हणणारी मुले कोणत्या वयात किती, हे पाहिल्यावर नियम केव्हा हाती येतो ते कळेल.

पश्चिम साक्रीतल्या काही मुलांच्या घरी कोकणी (कोकणा आदिवासींची, गोव्याची नव्हे) किंवा भिली आहे. त्यांची नोंद अहिराणी गटात करायची नाही. हजेरीपटात घरची भाषा लिहिलेली नसते, त्यामुळे प्रत्येक घरी विचारावे लागेल.

९ ऑक्टोबर

केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत वह्यांतले नमुने, मुलांची नावे झाकून, मांडले. पहिला प्रश्न अपेक्षित होता: मग दुरुस्त करायचे की नाही? करायचे, यात शंका नाही. परीक्षा मराठीत आहे आणि मुलाला मराठी उत्तम यायला हवी. प्रश्न दुरुस्ती कशाची, हा आहे. एका ज्येष्ठ गुरुजींनी, ज्यांची स्वतःची घरची भाषा अहिराणी आहे, लगेच फळ्यावर दोन रकाने आखले, एकात घरचा शब्द आणि दुसऱ्यात पुस्तकातला, आणि ‘डोया – डोळा’ खाली मुद्दाम ‘पाय – पाय’ लिहिले. न बदलणारे शब्दही यादीत हवेत, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले. जी यादी मूल एकट्याने जमवत असते, ती वर्गाने मिळून तयार करण्याची ही पद्धत आहे. दोन वर्गांत ती सुरू करण्याचे गुरुजींनी मान्य केले. इतर वर्ग तुलनेसाठी जसेच्या तसे राहतील, आणि अभ्यास संपल्यावर त्यांनाही यादी दिली जाईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. बैठकीत त्याचा उल्लेख झाला तेव्हा काही जणांनी अहिराणीत पाठ्यपुस्तके कोठे आहेत, असे विचारले. रास्त आहे. पण घरच्या भाषेचे रूप फळ्यावर लिहायला पुस्तक लागत नाही.

दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातील आणि कापूस वेचणीत मोठी मुले घरी अडकतील. म्हणून बाहुल्यांचा खेळ सुटीआधीच घ्यायचा, आणि जी मुले तोडीला जाणार आहेत त्यांच्यापासून सुरुवात करायची. त्यांच्या पालकांची संमती या आठवड्यात घ्यायची आहे. आठवीच्या प्रतिसाद-वेळेच्या चाचणीसाठी ‘माळ–माय’, ‘गाळ–गाय’ आणि ‘साळ–साय’ या जोड्या पक्क्या केल्या. ‘काळ–काय’ ठेवायची की नाही हे गावातल्या वयस्कांकडून बोलून घेतल्यावर ठरेल.